डाग टाकीचा नव्हे, बोअरचा

महोदय,
बेसिनमध्ये आणि पांढऱ्या कपड्यांवर तांबूस डाग पडू लागले म्हणून आमच्या सोसायटीने टाकी दोनदा धुऊन घेतली. डाग तसेच. शेवटी पालिकेचे आणि बोअरचे पाणी दोन काचेच्या ग्लासांत भरून ठेवले. बोअरचे पाणी आधी नितळ होते, काही तासांत पिवळट झाले आणि तळाशी तांबडा गाळ बसला. पाण्यात विरघळलेले लोह हवा लागताच असे गंजते. नळातूनच तांबडे पाणी आले असते, तर संशय जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर घेतला असता. लोह लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असले की डाग पडतात. अशा कपड्यांना ब्लीच मुळीच लावू नका, डाग पक्का होतो. लिंबाने फिका पडतो. फिल्टर विकणारे रोज येतात. सोसायट्यांनी आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, पुणे