सूचना : प्रकल्प संपला, खताचा ड्रम चालूच

नमस्कार मंडळी,
ऐरोलीच्या शाळेतला आपला खत-प्रकल्प एप्रिलअखेर संपतोय. फोटो झाले, प्रमाणपत्रं वाटली. पण ड्रमला सुट्टी कळत नाही. मे महिन्यात खत हलवून पाणी शिंपडलं नाही तर सुकेल, आणि जूनच्या पावसात झाकण उघडं राहिलं तर वास मारेल. सुट्टीतल्या पाळीसाठी शुक्रवारपर्यंत इथेच नाव लिहा.

पुढच्या वर्षापासून हे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावं असं माझं मत. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे तिच्यात किमान ७५ टक्के पालक असतात. शिक्षकांची बदली झाली तरी पालक इथेच. शनिवारच्या बैठकीत बोलू.

आणि हो, गेटची चावी कुणाकडे आहे? मागच्या वेळी तासभर शोधली.