पहाटेचं पातेलं

नाशिक,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय पक्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी गल्ल्यावर होतो. पण रात्री परत लावला नाही, त्याला काहीही कारण नाही. राग धरू नकोस. इकडे सगळे ठीक. माझी शुगर आटोक्यात, आईचे गुडघे तसेच. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खणलेत, मिसळीच्या दुकानात धूळ इतकी येते की पापडाचा डबा झाकूनच ठेवतो.

लिहायला बसलो ते एका माहितीपटामुळे. धाकटी हॉटेल मॅनेजमेंटला आहे ना, तिला कॉलेजात बघायला सांगितला होता. 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी', २०११ चा. टोकियोच्या एका सुशीवाल्या म्हाताऱ्यावर आहे, जिरो ओनो नाव. कच्चा मासा आणि भात, त्यात दीड तास काय बघायचं, असं म्हणत ताट घेऊन शेजारी बसलो, आणि हात वाळला तरी उठलो नाही.

गिंझा भागात भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला लागून तळघरात दुकान. दहा खुर्च्या, संडाससुद्धा दुकानाबाहेर. आपल्या जुन्या गाळ्यात याहून जास्त माणसं बसायची! आणि या दुकानाला तेव्हा मिशेलिनचे तीन तारे होते, म्हणजे त्या धंद्यातला सगळ्यात मोठा मान. म्हातारा तेव्हा ८५ चा, रोज उभा राहून स्वतःच्या हाताने सुशी वळून देतोय. लहानपणीच त्याला सांगितलं होतं म्हणे, की तुला परत यायला घर नाही. थोरला मुलगा योशिकाझू पन्नाशीचा, आपल्याच वयाचा. सायकलवर टांग मारून तो बाजारात मासळी आणायला जातो, कारण सत्तरीत हार्ट अटॅक आल्यापासून बाप जात नाही. या मुलाला शिकायचं होतं, वेगाने गाड्या चालवायच्या होत्या. बाप म्हणाला, दुकानात ये. आला. धाकट्याने वेगळं दुकान काढलं. थोरला तेव्हाही बापाच्या हाताखाली, जसा मी तात्यांच्या.

आणि तो अंड्याचा पदार्थ! नाकाझावा नावाचा शिकाऊ पोरगा तो दोनशेच्या वर वेळा करतो. प्रत्येक वेळी नापास. शेवटी एक दिवस म्हातारा म्हणतो, हां, आता जमलं, आणि पोरगा रडतो. मला तुझं खोबरं भाजणं आठवलं. तात्या म्हणायचे, "काळं नको, काळसर पाहिजे," आणि कढई परत तुझ्यापुढे. तू म्हणायचास, माझ्या हाताला असा वास लागलाय की गल्लीतली मांजरं मला नवरदेवासारखी मिरवत नेतात. मावशी हसून हसून पाट्यावरून उठायच्या.

पुढे एके ठिकाणी जिरो म्हणतो, चांगलं खायला घालायचं तर आपली जीभ गिऱ्हाइकापेक्षा तयार पाहिजे, नाहीतर त्याला खूश कसं करणार? जोएल रोबुशाँ म्हणून मोठे फ्रेंच शेफ होते, त्यांच्यासारखं नाक आणि जीभ आपल्याला असती तर, असंही म्हणतो. तिथे माझ्या पोटात कालवलं.

तात्यांची चव गेलीय, पक्या.

हे मी अजून कुणाला बोललेलो नाही, हिलासुद्धा नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांना कोरोना झाला तेव्हा वास गेला होता. मग आला, निदान आम्हाला तसं वाटलं. आधी मसालेवाल्यांच्या लक्षात आलं. त्या सिनेमात एक तांदूळवाला आहे, मोठ्या हॉटेलने मागितला तरी तो तांदूळ देत नाही, म्हणतो तुमच्याकडे हा शिजवणार कोण? आपले रविवार कारंजावरचे तसेच. दगडफुलाचं पोतं आलं की आधी तात्यांसाठी बाजूला काढतात. तात्या चिमूटभर हातावर चोळून हुंगायचे आणि निम्मी पोती परत पाठवायचे, तू कितीदा ती उचलून ठेवली आहेस. मागल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांनी चोळलं, हुंगलं आणि कुबट निघालेलं पोतं "झकास आहे" म्हणून घेतलं. मसालेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मग रश्श्यात मीठ वाढायला लागलं. मिरचीही. नेहमीच्या डॉक्टरांना मी एकटाच जाऊन विचारलं. ते म्हणाले, चवीतला मोठा वाटा नाकाचा असतो, नाक गेलं की सगळं अळणी, पाणचट लागतं आणि माणूस मीठ-तिखट वाढवत जातो. वय ८१. परत येण्याची आशा धरू नका म्हणाले.

आता माझं ऐक. तात्या पहाटे पाचला येतात, पातेलं चढवतात, मीठ घालतात, पळीने चाखतात, मान डोलावतात आणि सहाला गंगेवर जातात. ते रामकुंडाकडे वळले की मी त्यातला निम्मा रस्सा काढतो आणि रात्रीच करून लपवलेलं बिनमिठाचं पातेलं त्यात रिचवतो. आठ महिने हे चाललंय. काढलेला रस्सा मोरीत ओततो. तात्यांच्या हातचा रस्सा मोरीत, पक्या! पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. आणि नऊ वाजता मखमलाबादहून येणारे ते जुने मास्तर तर्री मागून घेतात, म्हणतात, "तात्या, चव अजून तीच." तात्या गल्ल्यावर बसून हसतात. ते हसू बघवत नाही आणि मोडवतही नाही.

सिनेमाच्या शेवटाकडे एक गोष्ट कळते. मिशेलिनचे परीक्षक आले तेव्हा त्यांच्यापुढे सुशी वळून ठेवली होती ती योशिकाझूने. बापाने नाही, मुलाने! धाकटी म्हणाली, बाबा, बघा, खरा शेफ मुलगाच. मी उठून गॅलरीत गेलो. तिला वाटलं मला आवडलं नाही. पक्या, मला मान नको रे. पण त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं की मुलगा करतोय. तात्यांना ठाऊक नाही. फरक तिथे आहे.

तुलाच का सांगतोय, ते तुला कळलं असेल. १९९६ चा श्रावण. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "तात्या, आज कट करपलाय." आणि तो करपलाच होता. मीही चाखला होता. तात्यांनी पळी आपटली, तुला एप्रन काढायला लावला, आणि मी मोरीत हात धूत बसलो. किती वेळ धूत होतो! तू मागच्या दाराने गेलास ते मला दिसलं. नंतर तू कोल्हापूर धरलंस आणि आपण त्यावर कधी बोललो नाही. चार वर्षांनी तुझ्या लग्नात मिसळीबरोबर पाव की ब्रेड यावर मात्र रात्रभर भांडलो. (ब्रेड चूक आहे, हे मी मरेपर्यंत म्हणणार.) तेव्हा तोंड उघडलं असतं तर आज उघडणं सोपं गेलं असतं, असं मला खरंच वाटतं.

तुझ्या कॅन्टीनचं कंत्राट वाढवून मिळालं, हे वहिनींकडून हिला कळलं. फार बरं झालं. पोराची बारावी आहे ना? त्याला आशीर्वाद. घराचा हप्ता संपला की नाही?

मी ठरवलंय, संक्रांतीनंतरच्या सोमवारी तात्यांना सांगायचं. दुकानाला सुट्टी असते. काय शब्दांत, ते अजून जमत नाही. "तात्या, मीठ मी घालतो, तुम्ही खोबरं बघा" इथपर्यंत येतो आणि पुढे अडतो. खोबऱ्याचा रंग त्यांना अजून माझ्याहून चांगला कळतो, डोळे तयार आहेत. पण चिडले तर? दुकानात यायचे बंद झाले तर ते काय करतील, हा विचार मला झोपू देत नाही.

तू ये. सांगणार मीच, तुला एक शब्द बोलायचा नाही. तात्या तुझं नाव काढतात, हे तुला माहीत नसेल. परवाच म्हणाले, "तो पोरगा खोबरं चांगलं भाजायचा." रविवारी रात्री पोहोच, कट्ट्यावरची खोली रिकामी आहे. पहाटे पाचला आपण तिघंच असू.

आणि मी मोरीकडे जाणार नाही.

तुझा,
सुऱ्या

ता. क. तात्यांच्या चपलेचा नंबर अजून आठच आहे.