‘घरी ने’ म्हणते म्हणून घरी आणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला खाण्याच्या विकारांवरचा लेख वाचला. लक्षणं कशी ओळखावीत, हे त्यात चांगलं सांगितलं आहे. शेवटी मात्र एवढंच वाक्य आहे, ‘गरज भासल्यास निवासी उपचार केंद्रात दाखल करावे.’ त्या एका वाक्यात आमच्या घराचे चौदा आठवडे गेले. दाखल केल्यावर काय काय होतं हे आम्हाला आधी कोणीच नीट सांगितलं नव्हतं, म्हणून मुलीला विचारून हे पत्र लिहिते आहे.

ती सतरा वर्षांची असताना ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं. या वयात आधी घरीच, आईवडिलांनी जेवणाची सूत्रं हातात घेऊन उपचार करतात आणि बऱ्याच घरांत त्याचा गुण येतो. आमच्याकडे आला नाही. नाडी फारच मंदावली तेव्हा आधी दहा दिवस हॉस्पिटल आणि मग केंद्र. क्रम असाच असतो. निवासी केंद्र म्हणजे अतिदक्षता विभाग नव्हे. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातले क्षार ठिकाणावर आल्याशिवाय चांगलं केंद्र दाखल करूनच घेत नाही.

हॉस्पिटलमध्ये मला एका गोष्टीचा फार राग आला होता. पोरीची हाडं दिसताहेत आणि हे लोक मोजूनमापून वाढताहेत! नंतर कळलं, उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयावर बेतू शकतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून सुरुवातीला वारंवार रक्त तपासतात आणि आहार पायरीपायरीने वाढवतात.

केंद्रातला दिवस वजनाने सुरू होतो. अंगावर फक्त गाऊन, पाठ काट्याकडे. आकडा मुलीला सांगत नाहीत. तीन जेवणं, मधली खाणी, प्रत्येकाला ठरलेला वेळ आणि टेबलाशी कोणीतरी बसलेलं. ताटात उरलं तर तेवढ्या उष्मांकांचं पेय प्यावं लागतं. खाल्लेलं उलटून टाकू नये म्हणून जेवणानंतर तासभर बाथरूमला एकटं जाता येत नाही. खाल्लेलं जाळण्यासाठी जिने चढउतार करणं, उभ्याने वाचणं, यावरही लक्ष असतं. फोन ठरावीक वेळीच. ऐकताना हे तुरुंगासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं.

पहिल्यांदा तिच्यासोबत जेवायला बसू दिलं तो दिवस विसरणं शक्य नाही. बशीत दोन बिस्किटं होती. तिने एकाचे नखाने इतके बारीक तुकडे केले की शेवटी बोटाला नुसता भुगा लागला. टेबलाखाली गुडघा सारखा हलत होता. नर्स हळूच म्हणाली, “गुडघा.” तो थांबला. मग म्हणाली, “आता अख्खं बिस्किट उचल, तुकडे नकोत.” त्या बिस्किटाला पंचवीस मिनिटं लागली. मी मध्ये पडून “असू दे, राहू दे” म्हणणार होते. गेलं वर्षभर घरी मी तेच म्हणत आले होते.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला. “आई, मला घरी ने. घरी सगळं खाईन, तुझी शपथ.” घोटे सुजलेले, पोट फुगलेलं, रात्री घामाने चादर ओली. मिस्टरांनी गाडीची किल्लीही घेतली होती. निघण्याआधी समुपदेशकांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “काल ती पहिल्यांदा पूर्ण ताट जेवली. म्हणून आज इतकी घाबरली आहे.” सूज, पोटफुगी, घाम हे बंद पडलेलं शरीर पुन्हा सुरू होताना बऱ्याच जणांना होतं आणि डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून आहेत, हेही त्यांनी समजावलं. आम्ही गेलो नाही. ती रात्र कशी काढली ते आम्हालाच ठाऊक.

हेच मला इतर पालकांना सांगायचं आहे. खाणं वाढतं तशी आधी भीती वाढते, रडणं वाढतं, आपल्यावरचा रागही वाढतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. धडधाकट माणसं चिडचिडी, एकलकोंडी झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, आणि पुन्हा खायला मिळू लागल्यावरही त्यांची मनं लगेच ताळ्यावर आली नाहीत. मग जिला अन्नाचीच भीती वाटते तिला किती वेळ लागेल?

मूल सांगतं ते सगळं खोटं, असं मात्र अजिबात नाही. अपमान होत असेल, कोणी हात उगारत असेल, तर त्याच दिवशी जाऊन उभं राहिलंच पाहिजे. म्हणून दाखल करण्याआधीच विचारा: रात्री डॉक्टर कोण असतो? पालकांना कधी भेटू देता? ताट नाकारलं तर नेमकं काय करता? सरळ उत्तरं न देणाऱ्या जागी मूल ठेवू नका.

आठवड्यातून एकदा आमचंही सत्र असे. ‘आज मी एकच वेळ जेवले’ हे मी घरात किती कौतुकाने सांगत असे, ते मला तिथे कळलं. कळल्यावर त्रास झाला.

चौदा आठवड्यांनी ती आली ती बरी होऊन नव्हे. वजन आलं होतं, भीती होतीच. पुढे दीड महिना दिवसा केंद्रात, रात्री घरी. तिसऱ्या महिन्यात घसरली, पण आम्ही आठवडाभरात ओळखलं आणि पुन्हा तिच्यासोबत टेबलाशी बसू लागलो. पहिल्या वर्षात असं घसरणं बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं, हे तेव्हा माहीत होतं म्हणून हातपाय गळाले नाहीत.

या विषयावर पुढचा लेख छापणार असाल तर तो दाखल केल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांवर असावा, ही विनंती. कुठल्या तरी घरात आज कोणी गाडीची किल्ली हातात घेऊन उभं असेल.

आपली,
एक आई
(नाव प्रसिद्ध करू नये)