पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानदार काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चार लोकांसमोरच मानायचे होते.

मी जन्मापासून पाहू शकत नाही. काम भाषांतराचं; काँप्युटरवरचा मजकूर एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. ४ जीबी रॅमवर, म्हणजे काँप्युटरच्या तेवढ्याशा चालू मेमरीवर, ब्राउझर उघडला की त्याचा आवाज अडखळायचा, ओळ अर्ध्यात सोडून गप्प व्हायचा. तो आवाज थांबला की माझं सगळंच थांबतं.

रॅम वाढवायची म्हणून तुमच्याआधी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथला माणूस माझ्या भाच्याला विचारत होता, "यांना काय पाहिजे?" मी समोर उभी! तुम्ही मात्र थेट मला म्हणालात, "हात पुढे करा," आणि तळहातावर रॅमच्या दोन पट्ट्या ठेवल्यात. एकीची खालची कड सरळ, दुसरीची मध्ये किंचित फुगीर. "सरळ ती डीडीआर-३, जुन्या पिढीची; फुगीर ती तुमची डीडीआर-४." इतकी वर्षं काँप्युटर वापरते, पण हे मला कुणी कधी हातात दिलं नव्हतं. मग खाच दाखवलीत. ती बरोबर मधोमध नसते, जराशी एका बाजूला असते, म्हणून पट्टी उलटी बसतच नाही. बंद पडलेला एक मदरबोर्ड, ज्यात ही पट्टी बसते तो, पुढ्यात ठेवून पट्टी किती वेळा काढ-घाल करायला लावलीत! मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती. एक जण म्हणालाच, "अहो, तुम्हीच बसवून द्या ना." तुम्ही म्हणालात, "त्यांचं होऊ दे." तेव्हा गळा दाटून आला होता, म्हणून काही बोलले नाही.

रविवारी सदाशिव पेठेत घरी बसवायला घेतली, तुम्ही फोनवर होतात. प्लग काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. ८ जीबीची पट्टी जुनीशेजारी बसवली. सुरू केलं तर नुसते बीप, थांबून थांबून. विंडोज सुरू होईपर्यंत एनव्हीडीए बोलत नाही, त्यामुळे पडद्यावर काय आलंय हे कळायला मार्ग नाही. हात थरथरायला लागले. तुम्ही म्हणालात, "फोन कॅबिनेटजवळ न्या." ऐकलंत आणि म्हणालात, "रॅमच आहे. प्लग काढा, पट्टीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा."

डावं टोक केसभर वर होतं. अंगठ्यानं दाबलं, खट्!

थोड्या वेळानं एनव्हीडीए बोलायला लागलं. सेटिंग्जमध्ये जाऊन रॅमची ओळ ऐकली: १२ जीबी. तुम्हालाही ऐकवली, तर म्हणालात, "पुन्हा एकदा ऐकवा."

काका, मनापासून आभार. येत्या शनिवारी माझ्या मैत्रिणीला घेऊन येतेय. तिलाही दिसत नाही, आणि रॅम तिलाच बसवायची आहे. तो बंद बोर्ड तोवर भंगारात देऊ नका.

तुमची,
सदाशिव पेठेतली गिऱ्हाईक