शेकरूची शेपटी

मने,

परवा तू फोनवर म्हणालीस, "एका खारीच्या शेपटीवरून एवढं काय गं रडतेस," आणि मी फोन आपटला, सॉरी. बोलायला गेले की मी चिडते म्हणून लिहितेय, चहा घेऊन बस.

तर आधी क्लोज्ड स्पीशीज म्हणजे काय ते. कुणीतरी आर्टिस्ट एक काल्पनिक प्राणी तयार करतो, कान असे, शिंगं तशी, त्याची गोष्ट, त्याचं जग, आणि मग सांगतो की हा प्राणी कुणी आपल्या मनाने काढायचा नाही. हवा असेल तर आमच्याकडून तयार कॅरॅक्टर विकत घ्या, त्याला अ‍ॅडॉप्ट म्हणतात, नाहीतर एमवायओ (मेक युअर ओन) स्लॉट घ्या, म्हणजे तो प्राणी एकदाच स्वतः डिझाईन करायचा परवाना. हे सगळं चालतं डेव्हियंटआर्ट, टॉयहाउस, डिस्कॉर्ड अशा साइट्सवर. प्रत्येक कानाला, शेपटीला, म्हणजे त्यांच्या भाषेत ट्रेटला, दर्जा असतो, कॉमन, अनकॉमन, रेअर, आणि आपला स्लॉट कॉमनचा असेल तर वरच्या दर्जाचं काहीही लावायचं नाही. मास्टरलिस्ट म्हणजे त्यांचा सातबारा, तिथे नोंद नाही तर तुझा प्राणी जन्मालाच आला नाही.

सगळीकडे इतकं कडक नसतं हं. ते काचेचा स्क्रीनवाला चेहरा असलेले प्रोटोजेन मी तुला दाखवले होते ना, त्यात कॉमन आणि अनकॉमन ट्रेट्स घेऊन कुणीही आपलं कॅरॅक्टर काढू शकतं, फक्त रेअरला बंदी. मला मात्र हौस त्या दुसऱ्या, कपाळावर कंदील लटकणाऱ्या प्राण्याची. नाव लिहीत नाही, उगाच स्क्रीनशॉट फिरायला नकोत.

त्यांचे लिलाव अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री ९ ला संपतात, म्हणजे थंडीत आपल्याकडे सकाळचे साडेसात, मी एका हातात डबा आणि एका हातात मोबाईल घेऊन तीन लिलाव हरले. मग एकीकडून कॉमन स्लॉट मिळत होता, ३० डॉलर, तर ती म्हणे पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिलीनेच, म्हणजे घरच्यांना पाठवतात तसे, पाठव, आता भारतातून तसं पाठवताच येत नाही हे तिला पटवण्यात चार दिवस गेले, तिला वाटलं मी फसवतेय. शेवटी इनव्हॉइसवर तयार झाली. अडीच हजार रुपये गं, पहिल्या कमिशनचे, म्हणजे कुणीतरी पैसे देऊन माझ्याकडून चित्र काढून घेतलं त्याचे.

आणि मी काय काढलं, तर कंदीलवालं शेकरू. भीमाशंकरला आपण पाहिलं होतं ना, त्या उंच झाडावर, तू खाली उभी राहून शेपटी दोरीसारखी लोंबतेय म्हणून हसत होतीस. तेच रंग घेतले, पाठ तांबूस तपकिरी, पोट सायीच्या रंगाचं, शेपटीचं टोक फिकट. दोन रविवार गेले. शेपटीचे केस तर मी एकेक ओढलेत, झूम करून, डोळे चुरचुरेपर्यंत.

मग ते मॉडकडे, म्हणजे ग्रुप सांभाळणाऱ्याकडे, पास करायला पाठवलं. पहिल्यांदा रिजेक्ट झालं ते कानांमुळे. टोकाचे झुपके म्हणे रेअर. ठीक, चूक माझी, दर्जांच्या चार्टमध्ये होतं, मी खोडले. खरं तर झुपक्यांशिवाय ते शेकरू राहतच नाही, पण जाऊ दे. दुसऱ्यांदा शेपटी. फिकट टोक म्हणजे 'ग्लो' ट्रेट. मी म्हटलं अहो हा प्रकाश नाही, हा केसांचा रंग आहे, असा प्राणी खरंच आहे, आमच्या राज्याचा प्राणी आहे, फोटोसुद्धा जोडला. मॉडचं उत्तर एका ओळीचं, चार्ट बघा. चार्टमध्ये फिकट टोकाबद्दल अक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघते तर होतं! नवी ओळ, वर लिहिलेलं 'स्पष्टीकरण'. आणि तसंच टोक असलेली दोन कॅरॅक्टर्स मास्टरलिस्टमध्ये आरामात बसलीत, ती जुनी आहेत म्हणून चालतात, त्यातलं एक त्याच मॉडचं.

मला नियमांचा राग नाही गं, खरंच. कुणाचं तरी पोट त्यावर चालतं, आणि नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातच आहे, कल्पनेला संरक्षण नाही, काढलेल्या चित्राला आहे. म्हणजे उद्या मी कंदीलवाला प्राणी स्वतःच्या हाताने, वेगळा काढला तर निव्वळ कल्पना उचलली म्हणून कोर्टात फारसं काही होणार नाही. मग त्यांच्या हातात उरतं काय, तर ब्लॅकलिस्ट, आणि चोरांना बाहेर ठेवायला ती लागते हे मला कळतं. पण चोरासाठीचं कुलूप ज्याने पैसे भरलेत त्याच्याच हातावर आपटायचं?

आई म्हणाली, "विकत घेतलंस ना, मग तुझंच झालं की." नाही ना. आपल्या सोसायटीत फ्लॅट आपला, पण ग्रिलचा रंग चेअरमन ठरवणार, तसं आहे हे. विकायचं तर घेतलं त्याहून जास्त घ्यायचे नाहीत, भेट मिळालं असेल तर विकायचंच नाही, आणि कुठे वाकडं बोललीस तर स्लॉटसकट बाहेर, पैसे परत नाहीत. मी तर अजून ग्रुपवर हे काहीच बोलले नाहीये, तिथे 'थँक यू सो मच' आणि दोन हार्ट टाकून आलेय. याचाच जास्त राग येतोय मला माझा.

आता एक शेवटची संधी आहे, तीनदा रिजेक्ट झालं की स्लॉट रद्द. शेपटीचं टोक तपकिरी करून टाकलं तर होईल पास, पाच मिनिटांचं काम आहे. काल रात्री चित्राची लेयर उघडून बसले, एका क्लिकमध्ये रंग भरणारं बकेट टूल हातात, आणि क्लिकच होईना. मग उलटंच केलं, कपाळावरचा कंदील खोडला. कानाचे झुपके परत काढले.

फाईल सोबत पाठवतेय, बघ ओळखतेस का. स्लॉटचं अजून ठरलं नाही, ३० तारखेपर्यंत मुदत आहे. तोपर्यंत फोन केलास तर शेपटीवरून हसू नकोस.

तुझी,
झिपरी