बरणी कपबशीच्या मातीची नसते हो

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लोणच्यावरचा लेख वाचला, छानच होता, पण त्यात बरणीला 'कपबशीसारखी चिनी माती' म्हटलंय ते काही पटलं नाही. आपण सगळ्यालाच चिनी माती म्हणतो म्हणून हा घोळ. वर तपकिरी आणि खाली पिवळट पांढरी अशी जी आपली जाडजूड बरणी असते ती स्टोनवेअरची, साधारण 1200 ते 1300 डिग्रीला भाजतात, मग माती आतूनच दगडासारखी घट्ट होते आणि पाणी पीत नाही. आपल्या खानापूरचा माठ त्यापेक्षा बऱ्याच कमी आचेवर भाजलेला, तो झिरपतो म्हणून तर पाणी गार होतं, पण त्यात लोणचं घालून बघा, खार सगळा बाहेर! आणि पितळेत घालावं तर कळकतं.

हे काय आजचं नाही. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून मोठ्या बरण्यांना मर्तबान नाव पडलं, 14व्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने आलं, मिरी, लिंबं, आंबे मिठात घालून भरलेल्या मर्तबानांबद्दल लिहून ठेवलंय. जर्मनीत तर तापलेल्या भट्टीतच मीठ टाकायचे, त्याची वाफ मातीला लागून काचेसारखा थर बसतो. जुने तपकिरी गटारीचे पाइप पण असेच केलेले, म्हणजे लोणच्याची बरणी आणि गटारीचा पाइप नात्यातलेच म्हणा की (सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा दोन दिवस बोलल्या नाहीत).

आता मुद्द्याचं. मुलाने ऑनलाइन फुलाफुलांची 'पारंपरिक बरणी' मागवली, मी नेहमीसारखं धुऊन, उन्हात वाळवून, हिंगाची धुरी देऊन कैरीचं लोणचं भरलं, वर दादरा बांधला, आठ दिवसांत खालचा पेपर तेलाने ओला. रिकामी करून, धुऊन वाळवून उलटी केली आणि तळाच्या कडेला जिथे चकाकी नसते तिथे पाण्याचा थेंब टाकला, गप्पकन पिऊन टाकला. सासूबाईंच्या बरणीवर तोच थेंब मोत्यासारखा उभा. शेजारच्या कन्नड अक्का, त्या भरणी म्हणतात, त्यांच्याकडच्या दोन्ही पण पास झाल्या.

तेव्हा गणपत गल्लीत घ्या नाहीतर मोबाइलवर, आधी उलटी करून थेंब टाका, दुकानदार रागावला तर रागावू दे.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव