शेवटचा दिस गोड व्हावा, त्यासाठीचा अट्टाहास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. केमो आता थांबवू या असं डॉक्टरांनी सांगितलं, तू अण्णांना घरी आणलंस, आणि आता विचारतोयस की त्यांना काय वाचून दाखवू, मरणाबद्दल काय बोलू. ते सांगतोच, पण आधी तू मला सांग: त्यांना रात्री सलग झोप लागते का? कूस बदलताना कण्हतात का? दाढ ठणकत असली तरी माणसाचं पोथीत लक्ष लागत नाही. इथे तर दुखणं हाडात उतरलंय. ते शमल्याशिवाय आयुष्याच्या अर्थाचं बोलणं सुरूच होत नाही.

हे नीट ओळखलं सिसिली साँडर्स यांनी. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर, आणि १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांची शेवटपर्यंत काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. शरीराचं दुखणं, मनातली भीती, मागे राहणाऱ्यांची काळजी आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, ही सगळी मिळून एकच वेदना असते, असं त्या म्हणत. गुंता सोडवायचा तर सुरुवात मात्र शरीरापासून करावी लागते.

म्हणून मॉर्फिनला, म्हणजे अफूपासूनच्या त्या जोरदार वेदनाशामकाला, घाबरू नकोस. ‘सवय लागेल’ हे काकूंना वाटणं साहजिक आहे. पण दुखण्यासाठी, ठरलेल्या मापात दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळा. साधी गोळी सुमारे चार तास काम करते, म्हणून ती घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची. इथेच बहुतेक घरांत चुकतं. ‘आत्ता बरं वाटतंय, मग कशाला’ म्हणून एक गोळी टाळतात, दुखणं उसळतं, आणि ते परत आटोक्यात आणायला जास्त औषध लागतं. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस डॉक्टरांकडून लिहून घे, आणि तो कधी दिला हे वहीत वेळेसकट टिपून ठेव. डोस ठरवायचा त्यांनीच. मूत्रपिंड थकलं असेल तर तो कमी करावा लागतो. मळमळ आणि गुंगी सहसा चार-पाच दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं. ते लिहून दिलेलं नसेल तर विचार. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची कटकट कमी झाली, तरी ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच आणावं लागतं. तू पुण्यात आहेस, तेव्हा वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरला (दुखणं आणि त्रास शमवणारं केंद्र) फोन कर. त्यांची माणसं घरीही येतात.

खाण्यावरून घरात रोज वाद होतोय असं लिहिलंयस. काकूंना हे हळूच सांग: अण्णा जेवत नाहीत म्हणून चाललेले नाहीत. शरीर आवरतं घेतंय, म्हणून भूक गेली आहे. चमच्याने कोंबलेली पेज श्वासनलिकेत गेली तर ठसका लागतो, पुढे न्यूमोनिया होतो. शेवटच्या दिवसांत लावलेलं सलाईन बऱ्याचदा पायांवर सूज आणतं, घशातला कफ वाढवतं. त्यांना हवं तेव्हा, हवं तेवढं, दोन घोट ताक का होईना, तेवढंच. पण तोंड कोरडं पडू देऊ नका. बोटाला गॉज गुंडाळून, पाण्यात बुडवून पिळून, हिरड्या, गालांची आतली बाजू आणि जीभ पुसायची, दर दोन तासांनी. मग ओठांना तुपाचं बोट. हे काम काकूंकडे दे. भरवता येत नाही याचं दुःख हातांना काम मिळालं की थोडं हलकं होतं.

आता बोलण्याचं. टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ ची दीर्घकथा तू वाचली असशीलच. या वेळी ती गेरासिमसाठी वाच. दुखण्याइतकाच इव्हान इलिचला जाच होतो तो खोटेपणाचा: तो मरतोय हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळे तो फक्त आजारी असल्यासारखं वागतात. गेरासिम हा त्याचा तरुण शेतकरी नोकर. तो शौचाचं भांडं साफ करतो, मालकाला बरं वाटतं म्हणून त्याचे पाय खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसतो, आणि खोटं बोलत नाही. त्याच्याजवळ मोठं तत्त्वज्ञान नाही. त्याचा खांदा आहे आणि तो खरं बोलतो. मृत्यूवर लिहिलेल्या पानांत मला याहून कामाचं काही सापडलेलं नाही.

‘अण्णांना सांगू नका’ असं तुम्ही डॉक्टरांना बजावलंय. प्रेमापोटी बजावलंय, पण त्यामुळे अण्णा एकटे पडतात. त्यांना बहुतेक कळलेलंच आहे, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून तेही गप्प आहेत. सगळं एकदम सांगायचं नाही. आधी विचार, ‘अण्णा, आजाराचं तुम्हाला काय वाटतंय?’ मग, ‘तुम्हाला आणखी जाणून घ्यायचंय का?’ नको म्हणाले तर थांब. हो म्हणाले तर थोडंच सांग आणि गप्प बस. ती शांतता सोसवत नाही म्हणून आपण ‘काही होत नाही तुम्हाला’ म्हणून मोकळे होतो, आणि दार बंद होतं. दिवसांचा आकडा कधीच देऊ नकोस.

वाचून काय दाखवू, म्हणतोस. अण्णांची गाथा उशाशी आहेच. ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ लोक सर्रास घेतात, पण तिथे तुकोबा मीपणाच्या मरणाबद्दल बोलताहेत, आणि ते मरण जिवंतपणी यायचं आहे. आत्ता मी दुसरा अभंग घेईन: ‘याजसाठी केला होता अट्टाहास । शेवटचा दिस गोड व्हावा ॥’ श्रद्धांजलीच्या फलकांवर त्यातला गोड दिस तेवढा उरतो, अट्टाहास कुणाला आठवत नाही. पुढची ओळ तर फारच सुंदर आहे: ‘आतां निश्चिंतीनें पावलों विसांवा । खुंटलिया धांवा तृष्णेचिया ॥’ हावेची धाव थांबल्यावरचा विसावा. एकावेळी एकच अभंग वाच, सावकाश. त्यांना म्हणावंसं वाटलं तर म्हणू दे.

आणि त्यांना बोलतं कर. हार्वी चोचिनोव्ह या कॅनडातल्या मनोविकारतज्ज्ञांनी यासाठी एक पद्धत बसवली आहे, ती घरीही थोडीफार जमते. गोळी लागू पडून ते हुशार असतील तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग लाव, अर्धा-पाऊण तास पुरे. विचार: कोणत्या काळात सर्वांत जिवंत वाटलं? कशाचा अभिमान आहे? आमच्याबद्दल काय आशा आहे? कुणाला काही सांगायचं राहिलंय का? मग ते कागदावर उतरव, फाफटपसारा काढ आणि त्यांना वाचून दाखव. ते दुरुस्त्या सांगतील, त्या करच. एखाद्या नातलगाबद्दल कडू काही निघालं तर ते ठेवायचं की नाही, हेही त्यांनाच विचार.

शेवटी काय दिसेल ते आत्ताच सांगून ठेवतो. झोप वाढेल. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसेल. श्वास थांबेल, मग पुन्हा सुरू होईल. घशात घरघर होईल. ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितकी त्यांना बहुधा जाणवत नसते. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा. अचानक तळमळ सुरू झाली तर आधी लघवी तुंबली आहे का ते पाहा. घाबरून रात्री दोनला १०८ ला फोन जातो आणि माणूस व्हेंटिलेटरवर जातो, ते याच वेळी. म्हणून केंद्राचा नंबर आणि अण्णांची इच्छा, म्हणजे व्हेंटिलेटरसारखे उपचार हवेत की नकोत, एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर लाव. ती इच्छा कायदेशीरही करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ लिहिलेल्या इच्छेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. अण्णांची बुद्धी शाबूत आहे, तेव्हा हे याच आठवड्यात कर.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आत्ताच एकदा घरी बोलावून दाखवून ठेव. घरी मृत्यू झाला की दाखला त्यांनाच द्यावा लागतो. ज्याने पेशंटला पाहिलेलंच नाही तो डॉक्टर सही करायला कचरतो, आणि स्मशानात पाससाठी अडतं. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घ्यायची. नेत्रपेढीचा नंबरही त्याच कागदावर लिही.

रात्री कधीही फोन कर. काकूंना नमस्कार. अण्णांना माझा निरोप सांग, रविवारी येतोय, आणि येताना त्यांच्यासाठी मऊ, उभी घडी न पडणाऱ्या दोन जुन्या सुती चादरी आणतोय. नव्या चादरी पाठीला टोचतात.

तुझा मित्र